जोडीतला दुसरा

गोटीरामने अंगणात उभ्या उभ्या बूट काढले, मोजे काढले, मोज्यांची गुंडाळी करून ती बुटात कोंबली आणि मगच ओटीवर पाय ठेवला. धर्मराज भिंतीला टेकून टाचेच्या भेगेत बसलेलं मीठ चाकूच्या टोकाने उकरत होता. त्याने मान वर केली नाही. भावाचे पाय मात्र पाहून घेतले. मऊ होते, नखं कापलेली होती. लहानपणी याच ओटीवर बसून त्या पायांतले काटे धर्मराजने काढले होते.

"दादूस, बरा हायस ना?"

शहरात राहून गोटीरामची आगरी बोली पार पुसट झाली होती. पण थोरल्या भावाला दादूस म्हणायचं, एवढं मात्र जिभेवर टिकून होतं.

"हवालदार कवा येनार?" धर्मराजने विचारलं.

"तीनच्या सुमाराला म्हणाला."

"म्हंजे वेळ हाय. बस."

हवालदार कशाला येणार, हे कळायला एकवीस वर्षं मागे जावं लागेल. चव्वेचाळीस साली धर्मराज सातवीच्या परीक्षेत तालुक्यात पहिला आला. ठाण्याच्या हायस्कुलात फुकट शिक्षण आणि वसतिगृहात जागा, असं बक्षीस मिळालं. त्याच महिन्यात बाप खाडीत बुडाला. कोपरखैरण्याचं मिठागर आता कुणी बघायचं? चौदा वर्षांच्या धर्मराजने, आणखी कुणी! पण चालून आलेली जागा सोडून द्यायची, हे आईच्या, येसूबाईच्या, काही केल्या गळी उतरेना. तिने थोरल्याचा दाखला धाकट्या गोटीरामच्या हातात दिला आणि त्याला ठाण्याला धाडलं. बारा वर्षांचं पोर चौदाचं म्हणून गेलं आणि धर्मराज म्हणून गेलं. उद्या कुणी चौकशीला आलं तर घोटाळा नको, म्हणून गावाने थोरल्याला गोटीराम म्हणायला सुरुवात केली. महिनाभर लोक हसले, मग सवय झाली. रेशनकार्डावर गोटीराम, मतदारयादीत गोटीराम, लग्न लागलं तेही गोटीरामचंच. तालुक्यात पहिला आलेला पोरगा असा मीठ ओढत राहिला, आणि गणितात जेमतेम पास होणारा त्याचा भाऊ डॉक्टर धर्मराज मढवी होऊन मुंबईच्या एका संस्थेत तारे मोजू लागला. या गोष्टीत आपण दोघांना त्यांच्या जन्माच्या नावांनीच ओळखू. निदान आपण तरी.

एवढी वर्षं धर्मराजने ते सोसलं. दिवाळी झाली आणि तुर्भ्याला नवा कारखाना सुरू झाला. तिथे टाइमकीपर हवा होता, सातवी पास. धर्मराज धुतलेला सदरा घालून गेला. अक्षर बघून साहेब खूश झाला, दोन हिशेब घातले ते याने तोंडी सोडवले. मग साहेबाने दाखला मागितला. दुसरी प्रत मिळेल या आशेने धर्मराज शाळेत गेला. नव्या हेडमास्तरांनी जुनं रजिस्टर उघडलं आणि ते कौतुकाने म्हणाले, "हा दाखला तर डॉक्टर धर्मराज मढवींचा. फार मोठा माणूस. तुम्ही त्यांचे कोण?"

"धाकटा भाऊ," धर्मराज म्हणाला.

कारखान्याने त्याला हमाल म्हणून घेतलं. त्या दिवसापासून त्याला सूड हवा होता. भाऊ आहे, रक्ताचा आहे, हे सगळं खरं. पण त्याला एकदा तोंडघशी पडलेला बघायचं होतं. आणि संधी आपल्या पायांनी चालत आली. गोटीरामला परदेशातल्या मोठ्या दुर्बिणीवर दोन वर्षांसाठी बोलावणं आलं. त्यासाठी पासपोर्ट हवा, पासपोर्टासाठी पोलीस गावात येऊन नाव, वय, घरदार तपासणार. धर्मराजला खोटं बोलायचं नव्हतं की कागद शोधायचे नव्हते. त्याने फक्त आपलं नाव सांगायचं होतं.

"आज बोला," त्याची बायको पुतळा सकाळी भाकऱ्या थापताना म्हणाली होती. "आज नाय बोललात तर परत माज्यापाशी रडू नका."

आता तिने दोघांपुढे कोरा चहा आणून ठेवला आणि दाराआड उभी राहिली. गोटीराम कपाच्या काठावरून बोट फिरवत बसला. तो विनवणी करायला आला होता, हे उघड होतं.

"तिकडं जाऊन करनार काय?" धर्मराजने विचारलं.

"तेच. तारे. तुला काय सांगू, दादूस."

"सांग की. सातवी पास हाय मी."

गोटीरामने चहाचा घोट घेतला. मग हळूहळू सांगू लागला. आकाशात ताऱ्यांचे पुंजके असतात. एका पुंजक्यातले तारे एकाच वेळी जन्मलेले, एका दिवशी टाकलेल्या भाताच्या राबासारखे. त्यातला जो मोठा, तो निळा. तो धडाडून जळतो आणि लवकर संपतो. लहान असतात ते पिवळे, तांबडे. ते जपून जळतात. म्हणून पुंजका म्हातारा झाला की त्यात निळा तारा उरता कामा नये.

"आम्ही काचेवर पुंजक्याचे फोटो घेतो. मग दिवसभर भिंग लावून एकेका ताऱ्याचा रंग आणि तेज मोजायचं आणि कागदावर ठिपका मांडायचा. हजार ठिपके शहाण्यासारखे आपापल्या जागी बसतात. आणि चारपाच ठिपके निळ्याच्या बाजूला सापडतात. सगळं शेत पिकून पिवळं झालंय आणि मधेच चार रोपं हिरवीगार. बाराएक वर्षांपूर्वी ते पहिल्यांदा कुणाच्या तरी लक्षात आलं. मागे रेंगाळलेले निळे तारे म्हणतात त्यांना."

धर्मराजचा चाकू थांबला.

"मागून पेरलेलं असंल."

"नाही. तारा व्हायला वायू लागतो, धूळ लागते. त्या पुंजक्यात ते उरलेलंच नाही."

"मंग त्या शेतातलं नसंलच ते. बांधापलीकडचं असंल, आपल्याला मधी दिसत असंल."

गोटीरामने चमकून पाहिलं. "सगळे आधी हेच म्हणाले. पण त्यांची चाल पुंजक्याबरोबरच आहे. त्यातलेच आहेत ते."

धर्मराज खाडीकडे बघत राहिला. ऊन मिठाच्या ढिगांवरून परतून डोळ्यांत येत होतं. बऱ्याच वर्षांत त्याला कुणी असं कोडं घातलं नव्हतं, आणि त्याला ते आवडलं, याचाही त्याला राग आला.

"मंग तो एकटा नाय," तो म्हणाला. "जोडीनं हाय. दुसऱ्याचं वढून घेतो आनि जवान दिसतो."

गोटीरामने कप खाली ठेवला. कप बशीवर वाजला.

"तुला कुणी सांगितलं?"

"कोन सांगनार? कारखान्यातलं हमाल सांगनार?"

"गेल्याच वर्षी विलायतेतल्या एका शास्त्रज्ञाने हे मांडलं. मी आठ वर्षं ते ठिपके मोजतोय, दादूस. मला सुचलं नाही."

"तुला कसं सुचंल?"

हे वाक्य धर्मराज सहज बोलून गेला. त्यात काय बसलं आहे, ते दोघांना एकदमच कळलं. दाराआड पुतळाच्या बांगड्या किणकिणल्या आणि थांबल्या.

"पुढं सांग," धर्मराज म्हणाला. "वढतो कसा?"

"ओढतो असंही नाही. जोडीत जो थोरला असतो, जास्त वजनाचा, त्याचं वय आधी होतं. तो फुगतो. मग त्याच्या अंगावरचे थर धाकट्याकडे वाहायला लागतात. धाकटा जड होतो, तापतो, निळा होतो. आपलं खरं वय विसरतो."

"आनि थोरला?"

"त्याचा गाभा उरतो. लहानसा, पांढरा. धाकट्याच्या उजेडात तो दिसत नाही. मोजताना आम्ही दोघांचा मिळून एकच ठिपका धरतो."

"आनि धाकटा जलमभर जवानच?"

"नाही. पुढेमागे त्यालाही फुगावं लागतं. मग त्याच्याकडचं परत थोरल्यावर सांडतं."

"परत मिलतं तर!"

"मिळतं. पण तोवर थोरला एवढासा झालेला असतो. त्याला ते झेपतंच असं नाही. कधीकधी भडका उडतो."

धर्मराज त्या दिवशी पहिल्यांदा हसला. "उडू दे," तो म्हणाला.

तीनला पंधरा मिनिटं असताना हवालदार सायकलवरून आला. घाटावरचा माणूस होता, घामाने भिजला होता, आणि आटपून परत जायची त्याला घाई होती. पुतळाने त्याला पाण्याचा तांब्या दिला. त्याने गुडघ्यावर कागद पसरला आणि पेन्सिल जिभेला लावली.

"डॉक्टर धर्मराज मढवी आपणच?"

"हो," गोटीराम म्हणाला.

"वय?"

"पस्तीस."

हवालदाराने त्याच्याकडे एकदा निरखून बघितलं. "दिसत नाही," तो हसला. "शिकल्या-सवरल्या माणसांचं बरं असतं." मग तो धर्मराजकडे वळला. पन्नाशीचा दिसणारा, करपलेला, चाळिशीही न ओलांडलेला माणूस. "आणि तुम्ही यांचे कोण?"

धर्मराजने ओठ उघडले. वाक्य तयार होतं, कारखान्यात पोती उचलताना महिनाभर घोकलेलं. गोटीरामने डोळे मिटून घेतले होते.

तेवढ्यात आतून हाक आली.

"धर्मा! धर्मा रं, पानी दे."

येसूबाई दुपारच्या झोपेतून जागी झाली होती. मोतीबिंदूने तिची नजर गेली होती, ओटीवर कोण बसलं आहे याचा तिला पत्ता नव्हता. सगळ्या गावाला गोटीराम म्हणायला शिकवणारी ही बाई घराच्या चार भिंतींत थोरल्याला धर्माच म्हणत आली होती. त्या नावाने त्याला हाक मारणारं जगात तेवढं एकच तोंड होतं.

गोटीराम ताडकन उठला. कागदावरचा धर्मराज तोच होता, तेव्हा उठणं भाग होतं. तो आत गेला, भांडं भरलं, आईच्या हातात दिलं. ओटीवर सगळं ऐकू येत होतं.

"कोन ह्यो?" म्हातारी म्हणाली. "ह्यो धर्माचा हात नाय. धर्माचा हात खरबरीत हाय. कोन तू?"

हवालदाराची पेन्सिल थांबली. "आजी काय म्हणताहेत?"

आता धर्मराजला तोंड उघडायचीही गरज नव्हती. नुसतं गप्प बसलं तरी काम होत होतं. गोटीराम दारात येऊन उभा राहिला. सदऱ्याच्या बाहीवर पाणी सांडलं होतं आणि चेहऱ्यावर एकही रंग उरला नव्हता. धर्मराजने तो चेहरा डोळे भरून पाहिला. आणि का कोण जाणे, त्याला ते कमी वाटलं. पासपोर्ट गेला, नोकरी गेली, चार दिवस गावात बोंबाबोंब झाली, की संपलं. एकवीस वर्षांच्या बदल्यात एक दुपार? मग त्याला दुसरं काही दिसलं. संस्थेच्या वसाहतीतलं घर, गोटीरामची दादरची शिकलेली बायको, संध्याकाळी चहाला येणारे प्रोफेसर. आणि आतल्या खोलीतून आंधळ्या म्हातारीची हाक: गोटी, ए गोटी. रोज. दिवसातून वीस वेळा. ती हाक त्याला इथे बसून ऐकू आली.

"म्हातारीला दिसत नाय, साहेब," तो म्हणाला. "आनि दादूस चार वर्सांत घरी फिरकला नाय. हात कसा वळखनार?"

"दादूस म्हणजे?"

"थोरला भाऊ. ह्यो." त्याने गोटीरामकडे बोट केलं. "मी धाकटा. गोटीराम."

हवालदाराने लिहिलं. गोटीराम दाराच्या चौकटीला धरून उभा होता. सुटका झाल्यासारखे त्याचे डोळे भरून आले. त्याला वाटलं, भावाने क्षमा केली. पण धर्मराजचं बोलणं संपलं नव्हतं.

"ह्ये पन ल्ह्या, साहेब. आमच्यात आयला थोरल्यानं सांभालायची रीत हाय. दादूस आज तिला न्यायालाच आलाय. काय दादूस?"

गोटीरामचं तोंड उघडं राहिलं. "दा—" एवढं बोलून त्याने शब्द गिळला. हवालदार त्याच्याकडे बघत होता.

"चांगलं आहे की," हवालदार म्हणाला. "पण आपण परदेशी गेल्यावर?"

"वैनी हाय ना घरात," धर्मराज म्हणाला. "शिकलेली हाय. करंल समदं."

"हो," गोटीराम शेवटी म्हणाला. "आईला न्यायलाच आलोय."

हवालदाराने कागदाची घडी घातली, नमस्कार केला आणि सायकलवर टांग टाकली. सायकल चिंचेपलीकडे वळली.

"दादूस, हे काय केलंस?"

"खोटं काय बोललो? नाव नेलंस, वय नेलंस. त्याच्यासंगं जे येतं ते पन ने. पाचची गाडी हाय."

पुतळा आत सासूची लुगडी गोळा करत होती, पण तिचे हात चालत नव्हते. आठ वर्षं म्हातारीला न्हाऊमाखू तिनेच घातलं होतं. "मी बोला म्हनलं होतं," ती दबक्या आवाजात नवऱ्याला म्हणाली. "ह्ये कुटं म्हनलं होतं? तिकडं त्या खुराड्यात मरंल ती."

"मरत नाय. बोलंल," धर्मराज म्हणाला.

येसूबाईने काही विचारलं नाही. गोटीराम न्यायला आला आहे, एवढं तिला सांगितलं. तिने आपली जपाची माळ मागून घेतली, पुतळाच्या तोंडावरून हात फिरवला आणि उठली. रस्त्यापर्यंत धर्मराजने तिला दंडाला धरून नेलं. गोटीराम बोचकं घेऊन मागून येत होता, बऱ्याच अंतराने. मिठागराच्या बांधावर म्हातारी थांबली.

"धर्मा, तू लय राग धरलास माज्यावर."

"नाय."

"धर. तुजा हक हाय. पन त्याच्यावर नको धरू. दाखला मी दिला. त्यानं मागला नव्हता, रडत होता जाताना."

वाऱ्याने तिचा पदर उडत होता, तो धर्मराजने नीट केला.

"कारखान्यात दाखला मागला तुज्याकडं, पुतळा बोल्ली मना," ती म्हणाली. "तवाच बोलायचं व्हतंस माज्याशी."

"चल, गाडी यील," तो म्हणाला.

बेलापूरहून ठाण्याला जाणारी एस.टी. वेळेवर आली. गोटीरामने आईला उचलूनच वर चढवलं आणि खिडकीपाशी बसवलं. धर्मराज खाली खिडकीजवळ उभा राहिला. बस अर्धीअधिक भरलेली होती. चार ओळखीचे होते, तुर्भ्याच्या कारखान्याचे दोन कारकून होते. धर्मराजला त्याचं बरं वाटलं. त्या हाकेची सुरुवात इथूनच होऊ दे, वसाहतीपर्यंत कशाला थांबायचं?

"आजी, बरोबर कोण आहे?" कंडक्टरने विचारलं.

म्हातारीने हाताने चाचपून शेजारी बसलेल्याचा खांदा शोधला. बोटं मऊ कापडावरून मानेपर्यंत गेली, गालावर थांबली. मग ती मोठ्याने, सगळ्या बसला ऐकू जाईल असं बोलली.

"ह्यो माजा थोरला. धर्मराज."

गोटीराम तिच्याकडे बघतच राहिला.

"धर्मराज, काच लाव रं," ती म्हणाली. "वारा लागतोय." आणि काच लागायच्या आत तिने तोंड खिडकीकडे वळवलं. दिसत नसतानाही ते बरोबर धर्मराजच्या समोर आलं. "गोटी, जा आता घरी. पुतळा एकटी हाय."

ती चुकली नव्हती आणि विसरली तर मुळीच नव्हती. हे म्हणताना तिचा आवाज फुटला, तो एकट्या धर्मराजला ऐकू आला. गोटीरामने काच वर ओढली. काचेतून दोघा भावांनी एकमेकांकडे पाहिलं. गोटीराम रडत होता. कंडक्टरने घंटी मारली, बस हलली आणि ठाण्याच्या दिशेने निघून गेली.

धर्मराज रस्त्याच्या कडेला उभा होता. खाडीवरून जाळं खांद्यावर टाकून गावातला कान्हा येत होता. त्याने जाता जाता विचारलं, "काय गोटीराम, म्हातारीला कुटं धाडलीस?"

धर्मराजने त्याच्याकडे पाहिलं.

"दादूसकडं," तो म्हणाला.